वादकांची नोंद कोण ठेवणार?

‘गिटार प्लेअर’ या अमेरिकन मासिकाचा डिसेंबर २०२४ चा अंक हा त्याचा शेवटचा छापील अंक ठरला. १९६७ साली सुरू झालेलं हे मासिक आता संकेतस्थळापुरतं उरलं आहे. गोव्यात या बातमीचं कुणाला काय, असं वाटू शकतं. पण इथं गिटार शिकणारे, शिकवणारे, लग्नाच्या बँडमध्ये आणि तियात्राच्या, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाच्या, साथीला वाजवणारे लोक थोडेथोडके नाहीत, आणि त्यांच्यातल्या जुन्या पिढीला हे मासिक चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे चर्चा झाली. सासष्टीतल्या एका निवृत्त तारवटी, म्हणजे बोटींवर काम केलेल्या, वादकाच्या घरच्यांनी माडीवरचे त्याचे जुने अंक एका वाचनालयाला देऊ केले आणि वाचनालयानं जागा नाही म्हणून ते परत पाठवले, तेव्हा तर ती चांगलीच तापली. एका बाजूचं म्हणणं, सगळं शिक्षण मोबाइलवर फुकट मिळत असताना हे गठ्ठे सांभाळून करायचं काय? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा वारसा आहे, छापील पानाची सर स्क्रीनला यायची नाही, आजच्या पोरांना वाचनच नको झालंय. दोन्हीकडची माणसं कळकळीची आहेत, पण भांडण कागदावरून चाललं आहे आणि मूळ मुद्दा बाजूला राहिला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. गिटार शिकवण्याचं या मासिकाचं काम संपलं, आणि त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. पण ते मासिक आणखी एक काम करत होतं. वाजवणाऱ्या माणसाला गाठायचं, नेमके प्रश्न विचारायचे, उत्तरं पडताळायची आणि तारखेसकट छापून ठेवायची. हे काम मोबाइलनं हाती घेतलेलं नाही, घेईल अशी चिन्हंही नाहीत. ज्या भूमीनं मुंबईच्या सिनेमाला, मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना आणि बोटींना पिढ्यान्‌पिढ्या वादक पुरवले, तिच्याजवळ आपल्या वादकांची सलग नोंद नसावी ही साधी उणीव नव्हे. म्हणून ते जुने अंक वाचनालयानं ठेवून घ्यायला हवे होते. आणि त्याहून महत्त्वाचं, गोव्यात वादकांचं स्वतःचं नियतकालिक निघायला हवं आणि त्याला सार्वजनिक पैशाचा आधार मिळायला हवा.

गिटारच्या मासिकांची परंपरा अमेरिकेत सुरू होत नाही. लंडनमध्ये १८३३ साली ‘द ज्युलियानियाड’ नावाचं मासिक निघालं. माउरो ज्युलियानी हा इटालियन गिटारवादक १८२९ मध्ये वारला होता. त्याच्या चाहत्यांनी त्याच्या नावानं ते काढलं. पियानोचं राज्य चालू असताना गिटारचा नाजूक आवाज कोण मनावर घेणार, असा तो काळ. ते मासिक फार वर्षं चाललं नाही, पण या वाद्यावरही गंभीरपणे वाद घालता येतो, एका वादकाची दुसऱ्याशी तुलना करता येते, हे त्यानं छापून दाखवलं. पुढं १८८० च्या दशकात फिलाडेल्फियात एस. एस. स्टुअर्ट यानं बँजो आणि गिटारचं जर्नल चालवलं. लंडनमध्ये १९०३ साली क्लिफर्ड एसेक्स यानं ‘बी. एम. जी.’ काढलं, ही आद्याक्षरं बँजो, मँडोलिन आणि गिटारची. मग १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या बड ईस्टमननं ‘गिटार प्लेअर’ सुरू केलं. बीटल्सच्या लाटेनं घरोघरी गिटारी पोचल्या होत्या. गाणाऱ्यांच्या केसांवर आणि कपड्यांवर लिहिणाऱ्या मासिकांची वाण नव्हती, पण ती गिटार हातात घेऊन बसलेल्या माणसाशी त्याच्या कामाबद्दल बोलणारं मासिक नव्हतं.

ही नावं वाचली की रद्दीवाल्या बाजूचा एक जोरदार मुद्दा आपोआप समोर येतो. स्टुअर्ट बँजो बनवायचा. एसेक्स वाद्यं आणि स्वरलिपीचे कागद विकायचा. ईस्टमनचं तर दुकानच होतं. म्हणजे ही मासिकं मुळात माल खपवण्यासाठी निघाली, आणि शेवटपर्यंत जाहिरातदारांच्या जिवावर जगली. हे खरं आहे. ज्या ॲम्प्लिफायरची पानभर जाहिरात, त्याचंच चार पानं पुढं परीक्षण, ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट होती. मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं पुरुषच पुरुष दिसतात, हाही दोष खरा. शिवाय १९८९ मध्ये मूळ प्रकाशकांनी मासिक विकलं, ते हातोहाती फिरत २०१८ साली फ्यूचर या ब्रिटिश कंपनीकडे गेलं, आणि ताळेबंद पाहणाऱ्यांनी एक दिवस छपाई थांबवली. अशा मासिकाला ज्ञानाचं मंदिर म्हणणं मलाही पटत नाही. पण जाहिरातीवर जगलेला कागद खोटाच असतो का? मराठी वर्तमानपत्रांनी नाटक कंपन्यांच्या जाहिराती छापल्या त्या पैशासाठीच. आज कुठली कंपनी कुठल्या गावात कुठल्या रात्री कुठलं नाटक करत होती, हे शोधायला अभ्यासक त्याच जाहिराती उलगडून बसतात. छापणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर जातो. तारीख, नाव आणि किंमत कागदावर राहते.

शिवाय त्या मासिकात दुकानदारीच्या पलीकडचं काम झालं. जुलै १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका मोठ्या जलशात जॅस ओब्रेख्त हा तरुण संपादक दुसऱ्याच एका वादकाची मुलाखत घ्यायला गेला होता. ती बारगळली. तिथंच त्याची गाठ एडी व्हॅन हेलनशी पडली आणि त्यानं त्यालाच बोलतं केलं. एडीची ती पहिली मोठी मुलाखत. तिच्यात प्रेमप्रकरणं नाहीत. गिटारचं धड पन्नास डॉलरला घेतलं, मान ऐंशी डॉलरला घेतली, ती स्वतः जोडली, असा हिशेब त्यात आहे. रॉकचं वादन ज्यानं पुढं बदलून टाकलं, तो माणूस त्या वेळी नेमकं काय करत होता, ते त्याच वर्षी त्याच्याच तोंडून छापलं गेलं. वीस वर्षांनी आठवणी काढून सांगितलेली गोष्ट आणि त्या वर्षी विचारलेली गोष्ट यांतला फरक कुठलाही इतिहासाचा विद्यार्थी सांगेल.

याहूनही मला गोव्याच्या संदर्भात मोलाचं वाटतं ते टॉमी टेडेस्कोचं सदर. हा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमधला गिटारवादक. सिनेमा, दूरचित्रवाणी मालिका, जाहिराती, दुसऱ्यांच्या तबकड्या, सगळीकडे वाजवायचा. नाव फारसं कुठं यायचं नाही. त्यानं ‘गिटार प्लेअर’मध्ये ‘स्टुडिओ लॉग’ नावाचं सदर लिहिलं. त्यात तो आपल्या एखाद्या कामाची हकीकत द्यायचा. बोलावणं कुठून आलं, कुठली वाद्यं नेली, समोरच्या कागदावर कुठली ओळ अडली, ती कशी सोडवली, आणि पैसे किती मिळाले. मँडोलिन काय, बाललाइका काय, तो सगळी वाद्यं गिटारच्याच सुरात लावून वाजवायचा, आणि ही युक्ती त्यानं लपवून ठेवली नाही. एका कष्टकरी वादकाची रोजनिशीच ती. त्या शहरात संगीताची मजुरी कशी चालायची, एक वादक दिवसाला किती कामं करायचा, कागद वाचता येणं आणि कानानं धरणं यांपैकी कशाला किती भाव होता, हे सगळं त्यातून कळतं.

आता तोच काळ मुंबईत आणून पाहा. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला बसलेल्या वाद्यवृंदात गोव्याची माणसं मोठ्या संख्येनं होती. व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन, चेलो, डबल बास, गिटार. बहुतेकांनी पहिले सूर गिरवले ते आपल्या गावच्या इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, संगीत शिकवणाऱ्या मेस्त्रीपाशी. सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या त्या शिकवणीमुळे स्वरलिपी वाचणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, आणि त्याच जोरावर मुंबईत त्यांना काम मिळालं. पडद्यावर नाव संगीतकाराचं. सेबॅस्टियन डिसोझासारखा संयोजक फार तर साहाय्यक म्हणून झळकायचा, आणि वाद्यवृंदातल्या माणसाला तेवढंही नशिबी नव्हतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाच्या तोंडी बसलं, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली एका गाण्यात ते गोवलं. शिष्य कृतज्ञ निघाला म्हणून एक नाव उरलं. ज्यांना असा शिष्य मिळाला नाही त्यांचं काय झालं? अखेर या वादकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ या परदेशी प्राध्यापकानं २००८ साली त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातला माणूस येईपर्यंत मडगाव, म्हापसा आणि पणजी काय करत होती? तोवर कितीतरी माणसं निघून गेली होती, आणि जी होती ती चाळीस वर्षांपूर्वीचं आठवून सांगत होती.

अमान्सियो डिसिल्वाचं उदाहरण घ्या. गोवेकर कुटुंबात १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा जॅझ गिटारवादक पुढं लंडनला गेला. १९६९ मध्ये त्याची ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी आली, आणि त्याच वर्षी जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबरची ‘हम दोनो’. भारतीय स्वरविचार आणि जॅझ यांची सांगड घालणारी ही कामं आज जगभरचे जाणकार शोधून ऐकतात. गोव्यात गिटारच्या वर्गाला जाणाऱ्या मुलांना विचारा, त्यांनी हे नाव ऐकलंय का. एरिक क्लॅप्टनची गिटार कुठली, हे त्यांना पाठ असतं. दोष मुलांचा नाही. क्लॅप्टनबद्दल दर महिन्याला कुणीतरी लिहीत होतं. अमान्सियोबद्दल त्याच्या पूर्वजांच्या भूमीतून दर महिन्याला लिहिणारं कोण होतं?

‘गिटार प्लेअर’ निघालं ते १९६७ साल म्हटलं की गोवेकराला आठवतो तो १६ जानेवारीचा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरचा. त्या वादात कोण काय म्हणालं, हे आपण आजही एकमेकांना तारीखवार सुनावतो, कारण ते ‘गोमन्तक’मध्ये छापलं गेलं, ‘राष्ट्रमत’मध्ये छापलं गेलं. उल्हास बुयांव यांच्या गाण्यांनी त्या प्रचारात सभा गाजवल्या, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण त्या गाण्यांच्या साथीला कोण बसत होतं? राजकारणाची नोंद झाली, गायकाची झाली. वादक दोन्ही बाजूंच्या इतिहासातून गळाला.

आता वाचनालयानं परत पाठवलेल्या त्या गठ्ठ्याविषयी. त्यातले बरेच अंक मी चाळले आहेत. पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग उतरलेत. काही मुखपृष्ठांवर निरनिराळ्या बंदरांतल्या दुकानांच्या किमतीच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या आहेत. बोट जिथं लागली तिथं अंक घेतला गेला. १९८० च्या दशकातल्या काही अंकांत पातळ प्लास्टिकची, वाकणारी तबकडी शिवलेली असायची, छापलेला धडा ऐकता यावा म्हणून. एका अंकात ती अजून आहे, बाकीच्यांतून कापून घेतली आहे. धड्याच्या पानांवर टॅब छापलेली: सहा रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे मानेवरच्या कुठल्या पट्टीवर (फ्रेटवर) बोट. (लुईस मिलाननं १५३६ मध्ये व्हॅलेन्सियात विहुएला या गिटारसारख्या जुन्या स्पॅनिश वाद्यासाठी छापलेलं संगीत याच तऱ्हेनं मांडलं आहे, गोव्यात छापखाना यायला तेव्हा वीस वर्षं होती.) त्या रेघांखाली पेन्सिलीनं कॉर्डची नावं आहेत. आणि एका पानाच्या कडेला रात्रीच्या गाण्यांची यादी, तिच्याखाली बँडमधल्या चौघांची नावं, प्रत्येकापुढं वाद्य आणि गाव: राय, कुंकळ्ळी, शिवोली, हळदोणे. ती नावं मी इथं देत नाही, तो त्या कुटुंबांचा अधिकार. पण समुद्रावर वाजवणाऱ्या गोव्याच्या एका बँडमध्ये कोण होतं याचा लेखी पुरावा एका परदेशी मासिकाच्या समासात आहे, आणि ते मासिक आपण रद्दीत घालायला निघालो आहोत. वाचनालयाला जागेची अडचण असेल. मग पाटो-पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ ची, आणि पोर्तुगीज अमदानीतली वर्तमानपत्रं जपण्याचा त्याचा अनुभव मोठा आहे. त्या वर्तमानपत्रांतल्या बहुतेक मजकुराचाही छापला गेला त्या दिवशी एवढा मान नव्हता.

शिक्षणाच्या बाबतीत मी मोबाइलवाल्यांच्या बाजूनं आहे, हे पुन्हा ठासून सांगते. पेडण्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाला आज जे मिळतं ते त्या तारवटीला स्वप्नातही मिळालं नसतं. वाजवणाऱ्याची बोटं दिसतात, गाणं अर्ध्या वेगानं ऐकता येतं, चुकलं तर पुन्हा मागं जाता येतं, आणि दमडी लागत नाही. पूर्वी परदेशी मासिक ज्याच्या घरी येई तो इतरांपेक्षा चार पावलं पुढं असे. तो भेद बराच मिटला, हा न्यायच झाला. गिटार शिकण्यासाठी मासिक घ्या असं आज कुणी म्हणालं तर मी त्याच्या विरुद्ध बोलेन.

पण “सगळं नेटवर आहे” हे वाक्य मला मान्य नाही, कारण नेटवरचं गेल्याची उदाहरणं गिटारच्याच इतिहासात आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ओल्गा’ नावाचा टॅबचा एक ऑनलाइन संग्रह उभा राहिला. जगभरच्या हौशी वादकांनी हजारो गाणी कानानं उतरवून त्यात घातली. संगीत प्रकाशकांनी स्वामित्वहक्काच्या नोटिसा काढल्या आणि २००६ मध्ये तो बंद पडला. प्रकाशकांची बाजू कायद्याला धरून असेलही. पण एका पिढीची मेहनत एका पत्रानं दिसेनाशी झाली. जून २०२४ मध्ये एमटीव्हीच्या वृत्तविभागाचा वर्षानुवर्षांचा मजकूर मालकांनी संकेतस्थळावरून काढून टाकला. त्यातल्या मुलाखती वाचणाऱ्यांच्या नव्हत्या, ज्यांनी दिल्या त्यांच्याही नव्हत्या, कंपनीच्या होत्या. छापील अंकाचं तसं नाही. तो विकला की हजार घरांत जातो, आणि प्रकाशकाचं मन बदललं तरी त्या हजार घरांतून परत मागवता येत नाही. छापलेल्या अंकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्याचं बंधन आपल्याकडे १९५० च्या दशकातच कायद्यानं घातलं गेलं. एखाद्या वादकाच्या मुलाखतीच्या व्हिडिओला असं घर कुठं आहे? म्हणून मी म्हणते, जे काही निघेल ते मोबाइलवर वाचता यावं, जरूर यावं, पण त्याच्या ठराविक प्रती छापून ग्रंथालयांत गेल्याच पाहिजेत.

फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या मराठी वाचकांकडून एक वेगळाच आक्षेप येतो, आणि तो मला जास्त जवळून ऐकू येतो, कारण मी त्यांच्यातलीच आहे. गिटार आपली कुठं, असं ते विचारतात. आपलं म्हणजे पखवाज, तबला, भजनाची पेटी, चवथीच्या आरतीचं घुमट. मंगेशीनं दीनानाथ दिले, केरीनं केसरबाई दिल्या, कुर्डीनं मोगूबाई दिल्या. आपण गिटारची उठाठेव का करावी? या भावनेमागं प्रेम आहे, तुच्छता नाही, म्हणून तिला उत्तर द्यायला हवं. पेटी कुठून आली? हार्मोनियम युरोपातून आली, आणि ती परकी आहे, आपल्या श्रुतींना मारक आहे, म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ साल उजाडलं. एवढी वर्षं सरकारी हुकूम तिला परकी म्हणत होता आणि आपल्या देवळांत भजनं तिच्यावरच चालली होती. व्हायोलिनही युरोपातूनच आलं. आणि घुमट तरी एका धर्माचं आहे का? आरतीत जे वाजतं तेच ख्रिस्ती घरांतल्या मांड्यात, त्या कोंकणी गीतप्रकारात, वाजतं. २०१९ मध्ये गोव्यानं त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं तेव्हा दोन्हीकडच्या वादकांना आनंद झाला. फोंड्याची सोनिया शिरसाट फादो हे पोर्तुगीज गाणं गाते आणि तिच्या साथीला बारा तारांची पोर्तुगीज गितार्रा वाजते. हे कुणाचं संगीत, हा प्रश्न तिथं बसलेल्या श्रोत्यांना पडत नाही. शिवाय मला जे नियतकालिक हवं आहे ते एकट्या गिटारचं नाहीच. घुमटवाला, पखवाजी, पेटीवाला, तियात्राचा ट्रंपेटवाला, इगर्जीतला व्हायोलिनवाला, सगळे त्यात यावेत. यांतल्या कुणाची सलग नोंद आपल्याकडे आहे?

मराठी माणसाला तर हे काम नवखं नाही. बंदिशी म्हणजे घराण्याचं धन, बाहेर जाता कामा नयेत, अशा काळात भातखंड्यांनी त्या मिळवल्या, लिहिल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मराठीतून छापल्या. लिपीत बांधलं की गाणं मरतं, असं तेव्हा मोठमोठे गवई म्हणत होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं: कागदावरून गाणं येत नाही, ते गुरूकडूनच येतं. पण त्या कागदामुळे कितीतरी बंदिशी उरल्या. हाथरसहून १९३५ पासून ‘संगीत’ मासिक निघू लागलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ आलं. त्याचे संपादक बी. आर. देवधर स्वतः गाणारे, उस्ताद-पंडितांच्या बैठकीत बसलेले. त्यांनी लिहिलेल्या व्यक्तिचित्रांतून आज आपल्याला त्या काळचे गवई माणूस म्हणून कळतात: त्यांचा रियाज, त्यांचे रुसवे, त्यांच्या विद्येची वाट. रंगमंचावरच्या मुख्य कलाकारासाठी मराठीनं हे केलं. मागं बसणाऱ्या साथीदारासाठी तेवढ्या चिकाटीनं केलं का?

कुणी म्हणेल, गोवा एवढासा, त्याला कसलं मासिक परवडतं. १९९३ मध्ये अमित सैगलनं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ अलाहाबादेतून काढलं. मुंबई नाही, दिल्ली नाही, अलाहाबाद. देशभरच्या रॉक बँडांना एकमेकांचा पत्ता त्या अंकांतून लागला. (२०१२ च्या जानेवारीत तो गोव्याच्याच समुद्रात बुडून गेला.) त्याच्याजवळ परंपरा नव्हती, वाद्यवृंदांचं गाव नव्हतं. आपल्याजवळ दोन्ही आहे.

राहिला पैशाचा आणि सरकारचा मुद्दा, आणि विरोधकांचा हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. रस्ते, पाणी, दवाखाने सोडून सरकारनं वादकांच्या मासिकावर खर्च का करावा? आणि केलाच तर ते मंत्र्यांच्या फोटोंचं पत्रक होणार नाही कशावरून? अनुदानावर निघालेल्या स्मरणिका आपण पाहिल्या आहेत; शुभेच्छांची पानं आधी, मजकूर नंतर. ही भीती रास्त आहे, म्हणून मी अनुदान मागतच नाही. सरकारनं वर्गणी भरावी. राज्यातल्या सरकारी आणि अनुदानित वाचनालयांसाठी, संगीत शिकवणाऱ्या शाळांसाठी आणि कला अकादमीच्या भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीत विभागांसाठी ठराविक प्रती आगाऊ विकत घ्याव्यात, पाच वर्षांचा करार करावा, आणि संपादकाच्या नेमणुकीत बोट घालू नये. दुकानदारांच्या जाहिराती जरूर घ्याव्यात. त्या पन्नास वर्षांनी उपयोगीच पडतील. वर्षाला चार अंक पुरेत. एखाद्या जत्रोत्सवाच्या संध्याकाळी मांडवावर आणि ध्वनिक्षेपकांवर होणारा खर्च पाहिला तर याला लागणारी रक्कम डोळ्यांत भरणारी नाही.

संपादक मात्र वाजवणारा हवा. हे ‘गिटार प्लेअर’नं शिकवलेलं आहे, तिथं मुलाखत घेणारा माणूस स्वतः गिटार वाजवायचा म्हणून तो धड किती डॉलरचं, मान कुठून आणली, हे विचारत होता. आपल्याकडे ज्येष्ठ कलाकाराच्या मुलाखतीत आजही पहिला प्रश्न असतो, संगीताकडे कसे वळलात. दुसरा, नव्या पिढीला काय संदेश द्याल. अशा प्रश्नांना जी उत्तरं येतात ती कुणाच्याही तोंडी घालता येतील. मेस्त्रीनं पहिल्या दिवशी कुठला धडा दिला होता? व्हायोलिनचा गज कुणाकडून बांधून घ्यायचा? घोरपडीच्या चामड्यावर बंदी आल्यावर घुमट बकऱ्याच्या चामड्यानं मढवायला लागलात, तेव्हा ताण किती बदलला, पावसाळ्यात काय करता? स्टुडिओत सकाळच्या पाळीचे पैसे किती, आणि रोख मिळायचे की महिन्यानं? तियात्रात कांतारकारानं, म्हणजे गाणाऱ्यानं, ऐनवेळी पट्टी बदलली तर बँड काय करायचा? हे प्रश्न विचारायला वाद्य हाताळलेला माणूस लागतो, आणि असे तरुण आज गोव्यात आहेत. त्यांना या कामाचे पैसे द्यायला हवेत, सत्काराचा नारळ नको.

भाषेचा वाद इथं उपटेलच. मराठीत काढा, कोंकणीत काढा, देवनागरीत की रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, यावर आपण वर्षं घालवू शकतो, घालवलीही आहेत. माझ्या मते अंक द्वैभाषिक असावा आणि लिपी दोन असाव्यात. डिचोलीचा पखवाजी मराठीत बोलला तर मराठीत छापावं, बाणावलीचा ट्रंपेटवाला कोंकणीत बोलला तर त्याचं बोलणं कोंकणीतच, तो लिहितो त्या रोमी लिपीत छापावं, आणि शेजारी दुसऱ्या वाचकासाठी त्याचा सारांश द्यावा. पानं थोडी वाढतील. पण मुंबईच्या स्टुडिओंत पन्नास आणि साठच्या दशकांत वाजवलेले जे वादक अजून आहेत ते ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. लिपीचा निकाल लागेपर्यंत त्यांनी थांबावं असं म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.